थोडीशी शुगर

आमच्या घरात 'डायबिटीस' हा शब्द नव्हता. 'शुगर' होती. तीही 'थोडीशी'.

हे मला कळलं वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, स्वतःचा रिपोर्ट हातात आल्यावर. त्याचं झालं असं की ऑफिसात दरवर्षी एक हेल्थ चेकअप असतो. फुकट असतो म्हणून आम्ही सगळे जातो, उपाशीपोटी रक्त देतो आणि त्या उपासाची भरपाई म्हणून लगेच बाहेर येऊन दोन-दोन प्लेट तर्री-पोहे हाणतो. रिपोर्ट मेलवर येतो. तो कोणी उघडत नाही. मीही मागच्या दोन वर्षांचे उघडले नव्हते. या वर्षी मात्र मेलच्या आधी फोन आला. "सर, एकदा डॉक्टरांना भेटून घ्या."

फास्टिंग १४८. एचबीएवनसी ७.९.

मी पाच फूट आठ इंच, वजन चौसष्ट किलो. कॉलेजात मला 'काडी' म्हणायचे. साहजिकच पहिला विचार आला की लॅबवाल्यांनी नमुन्यांची अदलाबदल केली असणार. आपण प्रॉडक्शनमधला बग पाहिला की आधी "माझ्या मशीनवर तर चालतंय" म्हणतो ना, तसंच. दुसऱ्या लॅबमध्ये परत केलं. फास्टिंग १५३. बग माझ्याच मशीनमध्ये होता.

डॉक्टरांनी खुर्चीत बसवून पहिलाच प्रश्न विचारला, "घरात कोणाला आहे?" मी छातीठोकपणे सांगितलं, "कोणालाच नाही."

त्या संध्याकाळी आई मेथी निवडत होती. तिला सांगितलं तेव्हा तिचे हात थांबले. मग खाली बघतच म्हणाली, "अरे, तुझ्या बाबांना आहे ना थोडीशी."

"थोडीशी म्हणजे किती?"

"थोडीशी. घेतात ते गोळी. कधी कधी."

"कधीपासून?"

"झाली असतील सहा-सात वर्षं. तुझ्या आजीलाही होती शेवटी शेवटी. आणि आत्यालाही आहे म्हणतात, पण ती कबूल नाही करत."

म्हणजे बघा. आजी, बाबा, आत्या. तीन नोड लाल होते आणि डॅशबोर्डवर सगळं हिरवं दिसत होतं! मी रागावलो. खोटं कशाला सांगू, चांगलाच रागावलो. आई म्हणाली, "तुला टेन्शन कशाला द्यायचं म्हणून नाही सांगितलं." बाबा काहीच बोलले नाहीत, टीव्हीचा आवाज तेवढा वाढवला.

रात्री मी मागच्या दोन वर्षांचे न उघडलेले मेल उघडले. एका वर्षी फास्टिंग १०९, पुढच्या वर्षी १२१. शंभर ते एकशेपंचवीस हा प्रीडायबिटीसचा पट्टा. दोन वर्षं इशारा इनबॉक्समध्ये पडून होता. तेव्हा बाबांवर रागवायचा माझा अधिकारही तसा निम्माच.

पण या 'थोडीशी'बद्दल मला बोलायचंच आहे. माझं स्पष्ट मत आहे की मराठी घरांमधलं डायबिटीसचं निम्मं नुकसान साखर करते आणि उरलेलं निम्मं हा एक शब्द करतो.

आधी त्यातला 'थोडी'पणा तपासू. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, किंवा एचबीएवनसी ६.५ किंवा त्याहून जास्त, म्हणजे डायबिटीस. लक्षणं नसतील तर एका आकड्यावर शिक्का मारत नाहीत. दोन वेगळ्या तपासण्या जुळाव्या लागतात, नाहीतर तीच तपासणी परत करावी लागते. हा १२६चा आकडा कुठून आला? १९९७ पर्यंत तो १४० होता. मग तज्ज्ञांच्या लक्षात आलं की डोळ्यांच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होण्याचं प्रमाण त्याच्या बरंच खाली वाढायला लागतं. म्हणून रेघ खाली सरकवली. म्हणजे ही रेघ कोणा बाबूने फायलीवर आखलेली नाही, डोळ्यांकडे बघून आखलेली आहे. बाबांची 'थोडीशी' म्हणजे १६०-१७०. ती या रेघेच्या किती वर आहे ते तुम्हीच बघा.

दुसरं म्हणजे हा उशीर फुकट नसतो. ब्रिटनमध्ये १९७७ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला, यूकेपीडीएस नावाचा. नुकतंच निदान झालेले ५,१०२ पेशंट त्यात होते. काहींची साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवली, काहींची त्या काळच्या रिवाजाप्रमाणे. १९९८ मध्ये निकाल आले, काटेकोरवाल्यांचे डोळे आणि किडन्या जास्त शाबूत होत्या. इथपर्यंत अपेक्षितच होतं. पण खरी गंमत २००८ मध्ये कळली. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर साधारण एका वर्षात सारखीच झाली होती, तरीही दहा वर्षांनंतर सुरुवातीच्या काटेकोर गटाचा फायदा टिकून होता. उलट हार्ट अटॅक आणि मृत्यूचं प्रमाणही त्यांच्यात कमी निघालं. शरीर सुरुवातीची वर्षं लक्षात ठेवतं. आमच्या धंद्यात याला टेक्निकल डेट म्हणतात. पहिल्या रिलीजमध्ये केलेला आळस पाचव्या रिलीजमध्ये व्याजासकट वसूल होतो. आणि आपल्याकडे नेमकी ही पहिली वर्षंच "थोडीशी आहे, बघू" म्हणण्यात जातात.

आता माझ्यासारखे काडी-पहिलवान म्हणतील, आपलं काय, आपण बारीक. थांबा जरा. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एक छोटासा लेख लिहिला, लंडनच्या जॉन युडकिन यांच्यासोबत. त्यात दोघांचा फोटो आहे. दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, आणि आपल्या याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! वजनकाटा दोघांना सारखंच सांगतो, आत मामला वेगळा. याज्ञिकांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण आपल्या बाळांमध्ये कमी पडलं होतं ते मुख्यतः स्नायू आणि अवयवांचं वजन. चरबी त्या मानाने राखलेली होती. बारीक दिसणारं पण आतून चरबी जपणारं बाळ. मी ते वाचलं आणि माझ्या छोट्याशा ढेरीकडे पाहिलं. काडीला ढेरी होतीच, फक्त शर्टाखाली होती.

म्हणून वजनापेक्षा कमरेला टेप लावा. चेन्नईच्या डॉ. मोहन यांच्या संस्थेने बनवलेला एक सोपा रिस्क स्कोअर आहे. वय, कंबर, शारीरिक हालचाल आणि आईवडिलांना डायबिटीस आहे का, एवढे चारच प्रश्न. रक्त काढायचीही गरज नाही. आणि आमच्यासारख्या घरात त्यातला चौथा प्रश्नच खोटा सोडवला जातो.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांनी चांगली केली. "तरुण आहेस, बारीक आहेस, त्यामुळे टाइप २ असं गृहीत धरणार नाही," म्हणाले. जीएडी अँटिबॉडी आणि सी-पेप्टाइड करायला लावलं. पहिल्यावरून कळतं की शरीर स्वतःच्याच इन्सुलिनच्या पेशींवर हल्ला करतंय का. दुसऱ्यावरून कळतं की आपला स्वादुपिंड अजून किती इन्सुलिन बनवतोय, कारण इन्सुलिन बनताना सी-पेप्टाइडचा तुकडा सुटा होतो. टाइप १ कधी कधी मोठेपणी हळूहळूही येतो, आणि त्याला टाइप २च्या गोळ्यांवर ठेवलं तर माणूस उगाच ढासळत जातो. माझं टाइप २च निघालं. पण तुम्ही तिशीच्या आतले आणि बारीक असाल तर डॉक्टरांना हा प्रश्न विचारा, वाईट वाटून घेत नाहीत ते.

अजून एक, खास आपल्या विदर्भासाठी. एचबीएवनसी म्हणजे तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे त्याचं माप. पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून हा दोन-तीन महिन्यांचा मूव्हिंग अॅव्हरेज. पण पेशीच जर लवकर मरत असतील तर तिला साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. सिकल सेलच्या पेशंटमध्ये नेमकं हेच होतं. नुसता वाहक असेल तरी काही पद्धतींच्या मशीन गडबडतात. आणि सिकल सेल आपल्या भागात किती आहे हे मेडिकल किंवा मेयोच्या ओपीडीत कोणीही सांगेल. उलट लोह कमी असलेल्या अॅनिमियात आकडा खोटा जास्त येऊ शकतो, आणि आपल्याकडच्या किती बायकांना तो असतो ते वेगळं सांगायला नको. सेन्सरच कॅलिब्रेटेड नसेल तर रीडिंगवरून भांडून काय उपयोग? अशा वेळी डॉक्टर रोजच्या साखरेवर किंवा फ्रुक्टोसामीन नावाच्या दुसऱ्या तपासणीवर भर देतात.

असो. रिपोर्टचं ऑफिसात कळलं (एकालाच सांगितलं होतं, म्हणजे सगळ्यांना कळलं) आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. कारल्याचा रस. मेथीदाणे. जांभळाच्या बियांची पूड. एकाने तर कुठल्यातरी 'रिव्हर्सल'वाल्याचा नंबर दिला, तीन महिन्यांचं पॅकेज, गोळ्या बंद करायची गॅरंटी. आणि सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न, "तू दीक्षित की दिवेकर?"

हे भांडण तुम्हाला माहीतच असेल. एकीकडे डॉ. जगन्नाथ दीक्षित, दिवसातून दोनदाच जेवा, पंचावन्न मिनिटांत संपवा, पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. दुसरीकडे ऋजुता दिवेकर, थोडं थोडं पण दर दोन-तीन तासांनी खा. २०१८च्या सुमारास महाराष्ट्रातला प्रत्येक फॅमिली ग्रुप यावरून दुभंगला होता. आमच्याकडे मावशी दीक्षित आणि काकू दिवेकर, लग्नात एका टेबलावर बसवायची सोय नाही.

पण यातली नागपूरची गोष्ट तरुण मंडळींना बहुतेक ठाऊक नसते. दोन वेळा जेवायच्या या विचाराचं श्रेय दीक्षित स्वतः देतात ते आपल्या डॉ. श्रीकांत जिचकारांना. काटोल तालुक्यातले, नागपूरहून एमबीबीएस-एमडी, मग आयपीएस, मग आयएएस, मग तेही सोडून १९८० साली काटोलचे आमदार. पदव्या वीसेक. आम्हाला लहानपणी अभ्यास केला नाही की जिचकारांचं नाव ऐकवायचे. खाल्लं की इन्सुलिन सुटतं, म्हणून सुटण्याच्या वेळाच कमी करा, हा त्यांचा मुद्दा ते भाषणांतून रंगवून सांगत. २ जून २००४ रोजी कोंढाळीजवळ अपघातात ते गेले, पन्नाशीही पूर्ण झाली नव्हती. त्यांचा विचार पुढे लातूरमार्गे महाराष्ट्रभर गेला आणि परत नागपूरला व्हॉट्सअॅपवर आला.

माझं मत विचाराल तर, दोन वेळचं जेवण बऱ्याच लोकांना मानवतं. चारचा समोसा, सहाची बिस्किटं, दहाची बर्फी हे आपोआप बंद होतं. ज्याला दर दोन तासांनी मूठभर चणे पुरतात त्यालाही काही वाईट होत नाही. आपल्यातल्या बहुतेकांना मूठ पुरत नाही, ती गोष्ट वेगळी. दोन्हीकडच्या भक्तांना मात्र माझा हात जोडून एकच प्रश्न आहे, तुम्ही समोरच्याला गोळी कोणती चालू आहे हे विचारता का?

हा प्रश्न उगाच नाही. माझ्या एका मित्राच्या वडिलांना ग्लिमेपिराइड चालू होती. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. त्यांनी कोणाचं तरी ऐकून डॉक्टरांना न विचारता दोन वेळचं जेवण सुरू केलं, सकाळची गोळी तशीच. चौथ्या दिवशी दुपारी सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनवर घामाने डबडबलेले, हात थरथरतायत, स्वतःचं नाव सांगताना अडखळतायत. लोकांना वाटलं दारू पिऊन आलेत. एका मुलीने उसाचा रस पाजला म्हणून निभावलं. साखर ७०च्या खाली गेली की आधी तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत तपासणी, आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतायचं नाही, थेट हॉस्पिटल. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. पण घरातल्या प्रत्येकाला आधी हे माहीत हवं ना की याला शुगर आहे! परत आलोच मी तिथे.

माझी स्वतःची गोळी मेटफॉर्मिन. ती एकटी असताना साखर अशी धाडकन पडत नाही सहसा. पहिले दोन आठवडे पोटाने जो तमाशा केला तो इथे लिहिण्यासारखा नाही. जेवणाबरोबर घ्यायला लागलो आणि डॉक्टरांनी हळूहळू सुटणारी गोळी दिली, तेव्हा शांत झालं. १९५७ मध्ये फ्रान्समध्ये वापरात आलेलं हे औषध, इतकं जुनं आणि इतकं स्वस्त की आपल्या चहा-टपरीच्या महिन्याच्या उधारीत आरामात बसतं.

दीक्षित-दिवेकर भानगडीतून सुटायला मी आपला इंजिनियरी मार्ग काढला. ग्लुकोमीटर घेतलं. एक पदार्थ, एक टेस्ट केस. जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी बोट टोचायचं आणि वहीत लिहायचं. तर्री-पोहे दोन प्लेट, वर कटिंग चहा : २३८. तर्री-पोहे एक प्लेट, चणे दुप्पट, चहा बिनसाखरेचा : १८१. ज्वारीची भाकरी दीड, झुणका, आधी काकडी-मुळा, नंतर वीस मिनिटं पायी : १४६. तीच भाकरी, तोच झुणका, नंतर सोफ्यावर मॅच : १७९. शेवटच्या दोन ओळींनी मला जे शिकवलं ते कुठल्याही व्हिडिओने शिकवलं नव्हतं. पायांचे स्नायू चालताना साखर ओढून घेतात, आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनची तेवढी वाटही बघावी लागत नाही. तेव्हापासून रात्री जेवलो की फुटाळ्यापर्यंत. मे महिन्यातही, फक्त साडेनऊनंतर. सावजी मटण? विचारलंत ते बरं केलं. मटणाने माझी साखर फारशी हलत नाही, त्याच्याबरोबरच्या भाताच्या डोंगराने हलते. तेलाचा हिशेब कोलेस्टेरॉलवाल्या रकान्यात, तो वेगळा रडतो. आणि संत्रं सालं काढून खातो, रस पीत नाही. नागपूरकराला एवढी तरी मुभा हवी.

इथे एक सावधगिरी. ही मशीन देव नाही. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे शंभरच्या वरच्या साखरेला पंधरा टक्के इकडेतिकडे चालतं. म्हणजे खरी १६० असेल तर ती १३६ही दाखवू शकते आणि १८४ही, आणि दोन्ही वेळा मशीन पास! सुरुवातीला मी १४८ आणि १५५ यांच्यातल्या फरकावर रात्ररात्र विचार करायचो. तो फरक नव्हताच. आणि हात न धुता टोचू नका. आंब्याच्या हाताने मी ३०० बघितली आहे, मरतोय की काय वाटलं. :)

'रिव्हर्सल'वाल्यांबद्दल दोन शब्द, कारण त्यांचा धंदा खोट्यावर नाही, अर्धवट खऱ्यावर चालतो. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' अभ्यासात वजन उतरवून ४६ टक्के लोकांची साखर वर्षभरानंतर गोळ्यांशिवाय डायबिटीसच्या रेघेखाली होती. ज्यांनी पंधरा किलो किंवा जास्त घटवलं त्यांच्यात तर ८६ टक्के. हे खरंच मोठं काम आहे. पण ते लोक जाड होते, निदान होऊन सहा वर्षांच्या आतले होते, इन्सुलिनवर नव्हते, आणि दुसऱ्या वर्षी ४६चे ३६ झाले. तज्ज्ञ त्याला रेमिशन म्हणतात, बरं झालं म्हणत नाहीत, आणि तपासण्या चालूच ठेवायला सांगतात. लवकर कळलं तर जमण्याची शक्यता जास्त, म्हणजे इथेही 'थोडीशी' आडवी येतेच. मी चौसष्टवरून एकोणसाठवर आलोय, एचबीएवनसी ६.६. गोळी चालू आहे. मला गॅरंटी कोणी दिलेली नाही आणि मी कोणाला पैसेही दिलेले नाहीत.

आणि इन्सुलिनला घाबरणं. आमच्या आजीला शेवटी इन्सुलिन सांगितलं होतं म्हणे, घरच्यांनी "सुई लागली म्हणजे संपलंच" म्हणून टाळलं. हे मला आत्ता कळलं. जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटोत लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं, त्याआधी टाइप १ म्हणजे काही महिन्यांचं आयुष्य. ते संपवणारं औषध नाही, संपायचं थांबवणारं औषध आहे. आपल्याच नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ साली ड्रीम ट्रस्ट सुरू केला, गरीब घरातल्या टाइप १च्या मुलांना मोफत इन्सुलिन देण्यासाठी. विचार करा, ४५ डिग्रीचं ऊन, घरात फ्रिज नाही, आणि औषध असं की उन्हात खराब होतं. अशा घरांमध्ये इन्सुलिन माठात ठेवतात, ओल्या मातीत, कोरड्या डबीत बंद करून. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर जसा चालतो तसंच, पाणी उडतं आणि आत गार होतं. आपली कोरडी हवा इथे उपयोगाला येते. एखादं पोर माठातून औषध काढून रोज स्वतःला टोचतं, आणि आम्ही एसी ऑफिसातले लोक एक गोळी डब्याखाली लपवून घेतो.

हो, लपवून. मीही घेत होतो. कारण घरात स्थळं बघणं सुरू होतं. आईचं म्हणणं, बायोडेटात लिहायची काय गरज, पुढे बघू. माझं म्हणणं, ज्या घरात आजीचं, बाबांचं, आत्याचं लपवलं त्याच घरात आता माझं लपवून मी सुनेला आणायचं? उद्या तिच्या मुलाला डॉक्टर विचारतील, "घरात कोणाला?" दोन दिवस अबोला झाला. शेवटी मी धरमपेठेतल्या एका कॉफी शॉपमध्ये एका मुलीला पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. ती म्हणाली, "माझ्या बाबांना पण आहे. आम्ही पण कोणाला सांगत नाही." आम्ही दोघंही खूप हसलो. दीड तास बोललो. रविवारी तिच्या काकांचा फोन आला की जुळत नाही. कारण सांगितलं नाही, पण ते कळण्याइतकी अक्कल मला आहे.

वाईट वाटलं. खूपच वाटलं. तरी पुढच्या बायोडेटात मी ओळ टाकली आहे, आणि आईने ती खोडलेली नाही. मुलींच्या घरी हे किती कठीण असेल याची मला कल्पना येते. टाइप १ असलेल्या मुलीला लग्नानंतर बाथरूममध्ये लपून सुई टोचावी लागत असेल तर त्यात औषधाचा दोष शून्य. (इन्शुरन्सचंही तसंच. स्वतःची पॉलिसी घेताना लपवू नका. आधीपासूनच्या आजाराचा वेटिंग पीरियड २०२४ पासून जास्तीत जास्त तीनच वर्षांचा केलाय. तीन वर्षं थांबा, पण क्लेम नाकारला जाण्यापेक्षा परवडतं.)

राहिले बाबा. टाइप २ निदानाच्या आधीच काही वर्षं आत मुरलेला असतो. म्हणून निदान झालं की लगेच डोळ्यांचा पडदा, लघवीतलं प्रोटीन आणि पाय तपासायचे असतात, त्रास नसला तरी. माझं सगळं ठीक निघालं. मी बाबांना म्हटलं, तुम्हीही चला. "मला स्वच्छ दिसतं," म्हणाले. "पेपर वाचतो चष्म्याशिवाय." तीन आठवडे ढकललं. मग एका शनिवारी त्यांनी स्वतःच गाडी काढली. डोळ्यांत थेंब टाकून डॉक्टरांनी पाहिलं आणि मला आत बोलावलं. दोन्ही पडद्यांवर बारीक रक्ताचे ठिपके. सुरुवात आहे, अजून उपचारांची वेळ नाही, साखर आणि बीपी आटोक्यात ठेवा, सहा महिन्यांनी परत दाखवा.

येताना बाबा मागे बसले होते. थेंबांमुळे उन्हाकडे बघवत नव्हतं, म्हणून डोळ्यांवर रुमाल. शंकरनगर चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा मागून म्हणाले, "तुझ्या आजीला शेवटी दिसतच नव्हतं फारसं. आम्ही मोतीबिंदू समजलो."

मी काही बोललो नाही.

आता रविवारी सकाळी आम्ही दोघं डायनिंग टेबलावर बसतो. आधी मी टोचतो, मग ते. आत्यालाही एकदा बोलावलं होतं, ती चहा पिऊन गेली, बोट दिलं नाही. बाबांची गेल्या रविवारी उपाशीपोटी १५२ आली. वहीत लिहिता लिहिता त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय रे, यातून तुझ्या मशीनचे पंधरा टक्के वजा करून नाही का लिहिता येत?"